गाव उठलं, शाळा राहिली

मंडळी, केळीच्या बागा संपल्या की काट्याबाभळीच्या मागे ती जी भिंत दिसतेय ना, ती मराठी शाळा. मुक्ताईनगर तालुक्यातला हा तापीचा काठ, हतनूर धरणाचं पाणी इथपर्यंत चढतं, उन्हाळ्यात मागे सरलं की मग जुन्या गावात चालत जाता येतं.

धरण आलं तसं गाव वरच्या गावठाणात गेलं. पण लोकांनी घरं नुसती सोडली नाहीत, उकलून नेली. सागाचे खांब, चौकटी, दारं, सगळं बैलगाडीत घालून, कारण इकडे घराची खरी इस्टेट म्हणजे लाकूड, माती काय कुठेही मिळते. शाळा मात्र सरकारी, तिला हात कोण लावणार? म्हणून ती राहिली.

आत या, जरा जपून, कौलं बरीच पडलीत. दारावर चुन्याचे पापुद्रे निघालेत तिथे कॅमेरा नेतो. वर 'जिल्हा परिषद', म्हणजे १९६२ नंतरचं. आणि खाली पुसट अक्षरं दिसतायत बघा, 'लोकल बोर्ड' आणि 'पू. खा.', पूर्व खानदेश! जळगाव जिल्ह्याचं १९६०पर्यंतचं नाव. मी तर बघतच राहिलो.

आता हा कोपरा, इथलं छप्पर टिकलंय म्हणून भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशाही टिकलाय. ऑइलपेंटचा. यात नंदुरबार नाही, धुळे एकच आहे, थेट नर्मदेपर्यंत, ते ठीक, नंदुरबार १९९८चं. पण नीट बघा, जालना नाही आणि खाली कोकणात सिंधुदुर्गही नाही, आणि हे दोन्ही जिल्हे १ मे १९८१ला झाले. म्हणजे हा नकाशा त्याच्या आधीचा. गाव उठायची बोलणी चालू असतील तेव्हाही कोणीतरी गुरुजी बसून जिल्ह्यांच्या हद्दी रंगवत होते, मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

सोबत आलेले बाबा फळ्यापाशी उभे राहिले. म्हणाले, 'हेच आमची शाया भाऊ, मी अठीच शिकलो.' फळा म्हणजे भिंतीलाच काळा रंग दिलेला चौकोन, शेजारी पटाचा तक्ता, मुलं, मुली, एकूण, आकडे गेलेत.

बाबांनी अजून एक सांगितलं. शाळेचं जनरल रजिस्टर तेवढं वर नवीन शाळेत नेलं, ते आजही कपाटात आहे. जन्मतारखेचा पुरावा लागला की म्हातारी माणसं तिथेच जातात, शाळा सोडल्याचा दाखला काढायला. या भिंती पडल्या तरी ते चालू राहील, नकाशा मात्र जाईल, त्याला कपाट नाही. म्हणून आम्ही सगळ्या भिंतींचे जवळून फोटो काढलेत. तुमच्या घरात या काठावरच्या कुठल्याही जुन्या शाळेचा वर्गाचा ग्रुप फोटो पेटीत पडला असेल तर प्लीज काढा, मागे नावं लिहा, आणि आम्हाला पाठवा.