पावसाळ्यातली संध्याकाळ आणि गोव्याची वीज

फीडरवरचा, म्हणजे उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीवरचा मीटर दर पंधरा मिनिटांनी नोंद करतो. दिवसाच्या ९६ नोंदी, वर्षाच्या ३५,०४०. सगळी ऊर्जा अक्षय स्रोतांतून घेण्यासाठी गोव्याने २०५० सालचं उद्दिष्ट ठरवलं आहे. तिथवर किती सौर पॅनेल आणि किती बॅटऱ्या लागतील, याचं गणित या नोंदींपासून सुरू होतं.

मागणीच्या नोंदी वीज खात्याकडे, उन्हाच्या नोंदी हवामान अभ्यासकांकडे आणि हे गणित संगणकावर मांडणारं मॉडेल तिसऱ्याच गटाकडे. घोळ बहुतेक वेळा होतो तो फाइल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना. उन्हाची जागतिक आकडेवारी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. ही दुरुस्ती राहून गेली, की पणजीची भरदुपार सकाळी सातला दिसते, सूर्य दुपारी एकच्या सुमारास मावळतो आणि मॉडेल संध्याकाळसाठी नको तितक्या बॅटऱ्या मांडतं.

एककांचंही तसंच. ओसेमोसिस या ऊर्जा नियोजनाच्या मुक्त संगणक प्रणालीत क्षमता बहुधा गिगावॅटमध्ये आणि ऊर्जा पेटाज्यूलमध्ये भरतात. वर्षभर अखंड चाललेला एक गिगावॅट म्हणजे ३१.५३६ पेटाज्यूल. क्षमतेवरून ऊर्जा काढणाऱ्या या गुणकाच्या जागी १ राहिला, तर मॉडेल एकतीस पट प्रकल्प उभारतं, आणि गणित कुठेही अडत नाही.

छतावरच्या सौरविजेने मागणी आधीच कमी केलेली असते. फीडरला उरलेलीच दिसते. म्हणून ती वीज मागणीत परत मिळवायची आणि मगच सौरऊर्जा वेगळी मांडायची. नाहीतर एकच ऊन दोनदा मोजलं जातं.

खरी कसोटी काळाच्या तुकड्यांची. वर्षाचे ८,७६० तास सोडवायला वेळ लागतो, म्हणून चार ऋतू आणि दिवस-रात्र असे आठ तुकडे करतात. त्यात सातची गर्दी आणि पहाटे तीनची शांतता एकाच ‘रात्री’त मिसळून सरासरी निघते, संध्याकाळचं शिखर पुसलं जातं, त्याबरोबर बॅटरीची गरजही. गोव्यासाठी संध्याकाळ वेगळी हवी. नाताळ-नववर्षाचा पर्यटन हंगाम वेगळा, चतुर्थीचे दिवसही वेगळे. जुलैचे ढगाळ दिवस तर ओळीने, जसे आले तसेच ठेवावे लागतात: पहिल्या दिवशी रिकामी झालेली बॅटरी तिसऱ्या दिवशी कुठून भरणार?

शिवाय राज्याची हद्द. गोव्याची बरीच वीज बाहेरून येते, छत्तीसगडच्या कोरबा इथल्या कोळसा केंद्रातूनही. मॉडेल पत्रादेवी-मोलेच्या नाक्यांवर थांबलं तर गोवा कागदावर स्वच्छ ठरतो. देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तो तारेबरोबर आत यायलाच हवा, आणि त्या तारेची वहनमर्यादाही.

प्रत्येक गृहीतकासमोर एकक, साल आणि कुणी दिलं ते एका सामायिक वहीत लिहितात. मग मॉडेल आधी सरलेल्या वर्षावर चालवायचं. आलेख प्रत्यक्ष नोंदींशी जुळला नाही, तर पुन्हा वही उघडायची, घड्याळाच्या रकान्यापासून.