समुद्री चाचे आणि अंबाझरीचा डोंगा

मंडळी, आधी एक तक्रार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘समुद्री चाचे विरुद्ध आरमार’. आमचे शेजारी हिंदीभाषक. सकाळी विचारतात, ‘सर, ये समुंदरवाले चाचाजी कौन हैं?’ म्हटलं, तुमचे नाहीत, इंग्रजांचे. त्यांनी तर मराठ्यांच्या सरखेलाला, म्हणजे आरमारप्रमुखाला, कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच ठरवलं होतं. आपला परवाना तो कायदा, दुसऱ्याचा तो दरोडा! यावर मी सुरू झालो तर तुम्हाला रात्रीचं जेवण इथंच करावं लागेल. असो.

आता आपला नागपूरचा अंबाझरी तलाव. दहाएक वर्षांपूर्वी पुण्याहून मेहुणे आले. वजन भारी, मत त्याहून भारी. ‘नागपूरकरांना पाण्याचं काय कळतं?’ मी चिडलो आणि चौघांना पायडलच्या बोटीत घातलं. मेहुण्यांनी सुकाणू हाती घेऊन बोट थेट जलपर्णीत नेली. तळ गाळात बसला. आम्ही पायडल मारतोय, बोट जागची हलत नाही, काठावरची पोरं ‘जोर लगाओ’ ओरडताहेत. तेवढ्यात एक ढीवर आपला डोंगा घेऊन आला. वीतभर पाण्यात तो डोंगा पानासारखा सरकत होता. मेहुण्यांकडे बघून म्हणाला, ‘साहेब, एक जण उतरा, मग निंघते.’ कोणी उतरायचं हे त्यानं सांगितलं नाही, पण बघत मात्र एकाकडेच होता. (हसता काय, मेहुणे आज पुढच्याच रांगेत आहेत.)

आता असाच गाळ, पण अमेरिकेतला. नोव्हेंबर १७१८, उत्तर कॅरोलायनातलं ओक्राकोक. ब्लॅकबिअर्ड नावाचा चाचा उथळ खाडीत दडलेला. इंग्रज आरमाराच्या ‘पर्ल’ आणि ‘लाइम’ या मोठ्या युद्धनौका बाहेरच, कारण तळ टेकणार! मग व्हर्जिनियाच्या गव्हर्नरनं दोन छोटी स्लूप गलबतं भाड्यानं घेतली आणि त्यांवर आरमाराच्या लेफ्टनंट मेनार्डला धाडलं. त्यांवर एकही तोफ नाही. तीही गाळात रुतली, तेव्हा तळातलं वजन पाण्यात फेकावं लागलं. चाच्याच्या एका सरबत्तीत वीसेक माणसं मेली किंवा जायबंदी झाली. मेनार्डनं उरलेल्यांना खाली लपवलं. डेक रिकामा दिसला म्हणून ब्लॅकबिअर्ड चढून आला, तशी माणसं बाहेर उसळली. त्याच्या अंगावर पाच गोळ्यांच्या आणि वीस वारांच्या जखमा मोजल्या म्हणतात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

तर तोफांची तुलना, जिच्यासाठी तुम्ही आलात. चाच्यांची जहाजं बहुधा पकडलेली व्यापारी गलबतंच. त्यांवर तोफा वाढवायच्या, माणसं कोंबायची. समोरचं जहाज बुडवून फायदा काय? माल हवा! म्हणून झेंडा दाखवून, धाक घालून, अंगावर चढून घ्यायचं. आरमाराकडे जाड लाकूड, शिकवलेले गोलंदाज, शिस्त. समोरासमोर चाचा टिकत नसे, आणि त्यालाही ते ठाऊक असे. म्हणून तो पळायचा.

शेवटचं, आणखी एक चाचा, बार्थोलोम्यू रॉबर्ट्स. १७२२, आफ्रिकेचा किनारा. आरमाराची पन्नास तोफांची ‘स्वॅलो’ उथळ पाणी टाळायला वळली. चाच्यांना वाटलं, व्यापारी जहाज घाबरून पळतंय. त्यांचं ‘रेंजर’ पाठलागाला निघालं. कप्तान ओगलनं ते साथीदारांना आवाज ऐकू जाणार नाही इतकं दूर येऊ दिलं, मग खालच्या तोफांच्या झडपा उघडल्या. पाच दिवसांनी रॉबर्ट्सचीही पाळी आली. छऱ्यांच्या माऱ्यात तो डेकवरच गेला.

अध्यक्ष उठले. कान्होजींचं चहावर बोलू. मेहुण्यांनाही बोलवा.