डोंगराच्या पोटातला हिशेब

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

समजा, डोंगराच्या पोटात वसलेल्या एका गावात 900 ड्वार्फ, म्हणजे बुटके, दाढीवाले कल्पित लोक, राहतात. इंग्रजी लेखक टॉल्किनने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीला जी परिशिष्टं जोडली, त्यांतल्या पहिल्या परिशिष्टात या लोकांच्या घरसंसाराची माहिती आहे, तीही गिमली या ड्वार्फाच्या हवाल्याने. तो सांगतो, आमच्यात बायका फार तर एक तृतीयांश. म्हणजे आपल्या गावात 300 बायका आणि 600 पुरुष. त्या पुरुषांपैकी लग्न करणारे एक तृतीयांशाहूनही कमी. तेव्हा जोडपी 200 च्या आतच. लग्न आयुष्यात एकदाच. काही बायकांना लग्नच नको असतं. काहींना जो हवा तो मिळत नाही, आणि मग दुसरा कुणी चालत नाही. पुरुषांचं म्हणाल, तर अनेक जण हातातल्या कामात इतके बुडालेले असतात की लग्नाची इच्छाच उरत नाही.

आता 900 जणांची जागा पुढच्या पिढीतल्या 900 जणांनी घ्यायची, तर या 200 जोडप्यांना प्रत्येकी साडेचार मुलं व्हायला हवीत, आणि ती सगळी जगायला हवीत. ड्युरिन या मूळपुरुषाच्या वंशावळीत काय दिसतं? थ्राइनला दोन मुलगे आणि एक मुलगी, ग्रोइनला दोन मुलगे, फुंदिनला दोन, ग्लोइनचा एकटा गिमली. या वंशावळीत नावानिशी आलेली स्त्री एकच, थोरिनची बहीण डीस. तेव्हा बाकीच्या मुली गाळल्या गेल्या असं धरून दोन मुलग्यांमागे एक मुलगी मिळवून पाहा. तरीही आकडा तीनच्या आसपासच रेंगाळतो. हा समाज दर पिढीला आटत चाललेला आहे. टॉल्किननेही स्पष्ट म्हटलंय की हे लोक सावकाश वाढतात आणि सुरक्षित घर नसलं की त्यांचं अस्तित्वच धोक्यात येतं.

आपल्याकडे 'बुटके' म्हटलं की हिमगौरीच्या गोष्टीतले सात जण आठवतात, म्हणून मी मुद्दाम 'ड्वार्फ' हा शब्द ठेवलाय. मराठीत हल्ली जे नवं कल्पित साहित्य लिहिलं जातंय, जे खेळ रचले जातायत, त्यांत ड्वार्फ येतात ते दाढी, कुऱ्हाड आणि दारूचा पेला घेऊन. माझं सांगणं एवढंच आहे की वरचा हिशेब आधी मांडा. त्यांची गुप्तता, सोन्याची ओढ, पिढ्यान्‌पिढ्या न विसरणारा राग, सगळं त्या हिशेबातून आपोआप निघतं.

दुसरा आकडा पिढीचा. थ्रोरचा जन्म टॉल्किनच्या कालगणनेतल्या तिसऱ्या युगाच्या 2542 सालचा, त्याचा मुलगा थ्राइन 2644 चा, नातू थोरिन 2746 चा. दोन्ही वेळा अंतर बरोबर 102 वर्षं. ग्लोइन 2783 चा, गिमली 2879 चा: 96. डीस आणि तिचा थोरला फिली: 99. थोडक्यात, बाप किंवा आई होण्याचं वय शंभरीच्या आसपास. बालिन 231 वर्षं जगला, म्हणजे एका माणसाच्या हयातीत दोन पिढ्या. पण त्याचा अर्थ असाही की आज एखादी फळी कापली गेली, तर ती भरून यायला शंभर वर्षं लागतात.

आता हे आकडे हाताशी ठेवून 2793 ते 2799 चं ओर्क या राक्षसी लोकांविरुद्धचं युद्ध वाचा. शेवटची लढाई आझानुलबिझारच्या खोऱ्यात, मोरिया या ड्वार्फांच्या जुन्या भूमिगत नगराच्या पूर्वेच्या दरवाजासमोर झाली. थोरिन तेव्हा 53 वर्षांचा होता, त्यांच्या मानाने कोवळा पोरगा. ज्याने ओर्कांचा म्होरक्या अझोग मारला, तो डाइन 32 वर्षांचा. जिथे पुढे, ड्रॅगनकडून आपला डोंगर परत घ्यायला थोरिन निघाला त्या 2941 च्या मोहिमेच्या वेळी, 62 वर्षांच्या गिमलीला लहान म्हणून घरी ठेवलं गेलं, तिथे या लढाईत 32 वर्षांच्या मुलाने कुऱ्हाड उचलली. लढाई जिंकली, पण उभे राहू शकतील किंवा बरे होतील असे जेमतेम निम्मे उरले.

त्यानंतर जे झालं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं पान वाटतं. ड्वार्फ आपला मृत माणूस मातीत पुरत नाहीत, दगडातच ठेवतात. प्रत्येकासाठी खडकात कबर कोरायची, तर एवढ्या मृतांसाठी कित्येक वर्षं लागली असती. तेवढा वेळ नव्हता आणि तेवढे हातही नव्हते. म्हणून त्यांनी खोऱ्यातली सगळी झाडं तोडली आणि आपल्या माणसांना अग्नी दिला. ते खोरं पुढे कायमचं उघडंबोडकं राहिलं. रिवाज मोडल्याची बोच इतकी होती की तिचंच मानचिन्ह झालं: आपला पूर्वज 'जाळलेला ड्वार्फ' होता, हे पुढच्या पिढ्या अभिमानाने सांगू लागल्या. रिवाज का मोडला, कोणत्या अडचणीत मोडला आणि मोडल्यावर त्याला काय नाव दिलं, या तीन गोष्टी सांगता आल्या की समाज उभा राहतो. नुसता रिवाज सांगून राहत नाही.

कमी माणसं आणि लांब पिढी यांचा तिसरा फटका विद्येला बसतो. रिव्हेंडेल इथल्या मेजवानीत ग्लोइन मोकळेपणाने कबूल करतो की धातुकामात आम्ही वाडवडिलांची बरोबरी करू शकत नाही, त्यांची बरीच गुपितं गेली. ड्रॅगन येण्याआधीसारखं चिलखत किंवा पातं आता आमच्या हातून होत नाही. खाणकामात आणि बांधकामात मात्र आम्ही पूर्वजांच्या पुढे गेलो आहोत. असं का व्हावं? माझा तर्क असा. भिंत, कमान, बोगदा हे बांधणारा मेल्यावरही उभे असतात. नव्या गवंड्याला जोड पाहून, माप घेऊन शिकता येतं. पात्याचं पाणी तसं नसतं. लोखंड कोणत्या रंगावर आलं की भट्टीतून काढायचं, कशात विझवायचं, पुन्हा किती तापवायचं, हे तयार पात्याकडे बघून कळत नाही. ते उस्तादाच्या डोळ्यात असतं. उस्ताद तीन आणि तिघंही एकाच लढाईत गेले, तर कसब गेलं.

ड्युरिन-दिनाचं तसंच. ड्वार्फांचं नवं वर्ष शरदातल्या शेवटच्या चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी सुरू होतं. अमान्त पंचांग वापरणाऱ्या आपल्याला हे लगेच कळेल. आपल्या शरद ऋतूचा शेवटचा महिना कार्तिक, आणि त्याची प्रतिपदा म्हणजे दिवाळीचा पाडवा. पण त्या दिवसाला ड्युरिन-दिन म्हणायचं, ते चंद्र आणि सूर्य एकाच वेळी आकाशात दिसले तरच. प्रतिपदेची कोर सूर्याच्या इतकी जवळ असते की ती सहसा दिसतच नाही. आपणही बीजेची कोर पाहतो. असा योग कधी येणार, हे आधी सांगायला मुरलेलं गणित लागतं, आणि थोरिन म्हणतो की ते आता आमच्या आवाक्यात राहिलेलं नाही. निर्वासित झालेल्या समाजाचं सोनं नंतर परत मिळू शकतं. पंचांग मिळत नाही.

आता धान्याकडे येतो, कारण ड्वार्फांची नगरं रचताना सगळ्यात मोठी चूक इथे होते. एरेबोर या आपल्या डोंगरातल्या नगराच्या भरभराटीचं वर्णन करताना थोरिन सांगतो की शेजारच्या डेल नगरातले बाप आपली पोरं आमच्याकडे शिकायला ठेवत आणि मोबदला देत, विशेषतः धान्य-सामग्रीच्या रूपात, कारण अन्न पिकवण्याच्या भानगडीत आम्ही कधी पडलोच नाही. म्हणजे डोंगर जगतो तो पायथ्याच्या गावावर. 2770 साली स्माउग या ड्रॅगनने डोंगर घेतला आणि डेलही उद्ध्वस्त केलं, तेव्हा घर आणि अन्न दोन्ही गेलं. पुढे 2941 साली थोरिन आणि त्याचे 12 सोबती त्याच डोंगरात वेढ्यात अडकले. आत सोन्याचा ढीग आणि खायला बहुतेक नुसता क्रॅम, म्हणजे प्रवासातला कोरडा, चघळत बसावा लागणारा पाव. म्हणूनच लोहटेकड्यांतून डाइनचे 500 हून अधिक ड्वार्फ आले, तेव्हा त्यांच्या पाठीवरची अवजड ओझी हाच वेढा घालणाऱ्यांचा खरा घोर होता. ती रसद आत गेली असती, तर वेढा निकामी झाला असता.

तुमच्या 900 जणांच्या गावाला किती धान्य लागेल? दिवसाला माणशी अर्धा किलो धरा. रोज 450 किलो, वर्षाला साधारण 164 टन. खेचर 100 किलो वाहतं असं धरलं, तर वर्षाला 1,640 खेपा. खिंड बर्फाने पाच महिने बंद असेल, तर 68 टन आत साठवायला हवं. हा आकडा दडपण आणतो, पण जागा फार लागत नाही: एक घनमीटरमध्ये सुमारे 750 किलो गहू मावतो, म्हणजे 6 मीटर लांब, 5 रुंद, 3 उंच अशी एक खोली पुरे. अडचण जागेची नसून ओलीची आहे. गुहेतली हवा बाराही महिने दमट. दाण्यातला ओलावा 14 टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते, ढीग आतून तापतो. म्हणून कोठार खोल पोटात न ठेवता वरच्या कोरड्या थरात, वारा खेळेल अशा बाजूला कोरायचं, दाणा दगडी जमिनीवर न टाकता लाकडी फळ्यांवर ठेवायचा आणि खिंड बंद होण्याआधी सगळा माल एकदा उपसून पाहायचा. या कोठाराची किल्ली ज्याच्या कमरेला, तो तुमच्या गावात सोनारापेक्षा मोठा असणार. त्याला गोष्टीत जागा द्या.

हवेबद्दलही कुणी विचार करत नाही. भट्ट्या डोंगरात, मग धूर कुठे जातो? खाणीत कमी-जास्त उंचीवर उघडणारी दोन तोंडं असली, तर हिवाळ्यात आतली ऊबदार हवा वरच्या तोंडातून बाहेर पडते आणि खालून थंड हवा येते. उन्हाळ्यात वारा उलटा वाहतो: आतली गार, जड हवा खालच्या तोंडाने निघते. आणि ऋतू बदलताना, आतलं-बाहेरचं तापमान सारखं झालं, की हवा थांबते. तेच दिवस घातक. कोळशाच्या भट्टीतला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. जुने खाणकरी अशा वेळी चढत्या विहिरीच्या तळाशी जाळ पेटवून ओढ तयार करत. जर्मन खाणींचा जाणकार अग्रिकोला याच्या 1556 सालच्या ग्रंथात हवा खेळवण्याच्या भात्यांचं आणि वारा पकडणाऱ्या यंत्रांचं सविस्तर वर्णन आहे. वर्षातून दोनदा भट्ट्या बंद ठेवण्याची प्रथा तुमच्या ड्वार्फांना द्या. सण आपोआप तयार होईल.

शेवटी भाषा. खुझदुल ही ड्वार्फांची स्वतःची भाषा, आणि ती ते परक्याला सहसा शिकवत नाहीत. टॉल्किनने तिची घडण सेमिटिक भाषांच्या धर्तीवर केली: मुळात व्यंजनं, त्यांत स्वर बदलत शब्द. खझाद म्हणजे ड्वार्फ लोक, खुझदुल त्यांची भाषा. ख-झ-द तेच, स्वर वेगळे. मराठी कानाला हे परकं नाही. हुकूम, हाकीम, हुकूमत हे अरबीतून फारसीमार्गे आलेले शब्द आपण रोज वापरतो. त्यांतही ह-क-म कायम आहे आणि स्वर फिरतायत.

नावांचं आणखी वेगळं. थोरिन, फिली, किली, ड्वालिन ही नावं टॉल्किनने जुन्या नॉर्स 'व्होलुस्पा' या काव्यातल्या ड्वार्फांच्या यादीतून उचलली. मग आपल्या जगात त्यांचं कारण असं दिलं की ही बाहेरच्यांसाठीची नावं, उत्तरेकडच्या माणसांच्या बोलीतली. प्रत्येकाचं एक आतलं, खरं नाव असतं आणि ते परक्या वंशातल्या कुणालाही सांगत नाहीत. थडग्यावरसुद्धा कोरत नाहीत.

बालिन 2989 साली मोरिया परत मिळवायला गेला. पाच वर्षांत, 2994 साली, तो मारला गेला आणि पाठोपाठ त्याची माणसंही संपली. त्यांच्याकडे तर आझानुलबिझारइतकाही वेळ नव्हता. तरी त्यांनी आपल्या राजाला दगडातच ठेवलं, वर शिळा बसवली आणि रून लिपीत कोरलं: बालिन, फुंदिनचा मुलगा, खझद-दूमचा (म्हणजे मोरियाचा) स्वामी. ओळ खुझदुलमध्येही आहे, तिथे वाचायला आता कुणी परकं येण्याची शक्यताही नव्हती, आणि तरीही नाव कोरलं ते बाहेरचंच.