पंचवीसची जुडी

(सोलापूर, पूर्व भाग. सकाळ. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं.)

पान रात्रीच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असतं. सकाळी ते मऊ येतं. मापाला लावून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. या बाई वीस वर्षं विड्या वळतायत. टीव्ही बघता बघता वळायच्या, भांडता भांडताही वळायच्या. आता मात्र तोंड दुमडताना बोट अडतं. मग त्या हातातल्या पानाकडे बघत राहतात.

दोन वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडवर मुलाच्या गाडीवर मागे बसल्या होत्या. पदर चाकात गेला. हेल्मेट मुलाच्या डोक्यावर होतं. कायदा मागच्यालाही हेल्मेट सांगतो, पण तो मागच्या सीटवर कधी बसलाच नाही. तिथं बसते ती बहुतेक बाई.

(रात्र. रुग्णालयाचा लांब बोळ.)

डोळे उघडणं, बोलणं, हातपाय हलवणं यांना गुण देऊन डॉक्टर शुद्ध मोजतात. 1974 पासून वापरात असलेलं हे ग्लासगोचं माप. पूर्ण शुद्धीला 15, अगदीच काही नाही तर 3. आठ किंवा खाली म्हणजे गंभीर. बाईंचे सहा भरले.

असा मार बाईच्या आणि पुरुषाच्या मेंदूला सारखाच लागतो का, आणि औषध सारखंच लागू पडतं का? अमेरिकेत डोनाल्ड स्टाइन यांना मेंदूला इजा झालेल्या काही उंदरांच्या माद्या नरांपेक्षा चांगल्या सावरताना दिसल्या. संशय प्रोजेस्टेरॉनवर गेला, गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकावर. मेंदूची सूज त्यानं उतरत होती. मग माणसांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, मिळून दोन हजारांवर रुग्ण. 2014 मध्ये निकाल आले. फायदा नाही.

दुसऱ्या औषधाची गोष्ट मला जास्त बोचते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. पाळीत अंगावरून फार जातं म्हणून आपल्याकडेही बायकांना ज्याच्या गोळ्या देतात, तेच. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या नवऱ्यानं ते 1962 मध्ये जगापुढे आणलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावात बायका वाचाव्यात, ही ओकामोतोबाईंची तळमळ. पुढं अपघातातही ते कामी आलं. डोक्याच्या मारासाठीची मोठी चाचणी 2019 ची: 29 देश, 12,737 रुग्ण. तीन तासांच्या आत दिलं, तर सौम्य आणि मध्यम इजेत मृत्यू कमी झाले. गंभीर इजेत तसा स्पष्ट फायदा दिसला नाही. अपघातांच्या मोठ्या चाचण्यांचे आकडे बाई-पुरुष असे वेगळे काढून पाहिले, तर औषधाचा गुण दोघांनाही सारखाच. पण इंग्लंड-वेल्समधल्या अपघातग्रस्तांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा ते बायकांना पुरुषांपेक्षा कमी वेळा दिलेलं आढळलं. औषधानं भेद केला नव्हता. केला तो सुई धरणाऱ्या हातांनी.

कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा देण्याच्या शस्त्रक्रियेची 2016 ची चाचणी घ्या. 408 रुग्ण, पाचांत चार पुरुष. रस्त्यावर पडतात जास्त पुरुषच, हे खरंच. पण मग बायकांविषयी काही ठाम सांगायला आकडेच उरत नाहीत.

(पुन्हा घर. प्लास्टिकच्या पिशवीत फाइल.)

जबर मारानंतर मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी बिघडू शकते. मग काही जणींची पाळी काही महिने थांबते. बाईंचीही थांबली होती, सात महिने. वय अडतीस. फाइलमध्ये सीटी स्कॅन आहे, रक्तदाब आहे, फिटच्या गोळ्यांची नोंद आहे. पाळीचं एक अक्षर नाही. बाईंनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मुलीला ते कळलं, कारण कपडे तीच धूत होती.

व्यायामाला दीड महिना गेल्या. मग मुलाची रात्रपाळी लागली, सोबत यायला कुणी उरलं नाही.

संध्याकाळी माल द्यायचा असतो. पंचवीसची जुडी. बाई तेलुगूत मोजतात, ओठांतल्या ओठांत. इरवै मूडू, इरवै नालुगू... आणि थांबतात. मुलगी समोर बसलीय, पुढचा आकडा तिला ठाऊक आहे. ती बोलत नाही.

बाई विड्या पुन्हा सुपात ओततात. ओकटी. रेंडू.