तुमच्याकडे गौरी कशाच्या?

(पहाट. अंगणातली तुळस. उंबऱ्यापासून आत जाणारी, नुकतीच उमटवलेली कुंकवाची पावलं.)

भाद्रपद जवळ आला की महाराष्ट्रात बायकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो. तुमच्याकडे गौरी कशाच्या? उभ्या, की खड्याच्या? की तेरड्याच्या? उत्तर एका शब्दाचं असतं, पण विचारणारीला त्यातून घर कुठलं, घाट चढून आलेलं की घाटाखालचं, कुळाचार काय, स्वयंपाक काय होत असेल, एवढं सगळं कळतं.

सण एकच, दिवसही तेच. पण एका भिंतीपलीकडच्या शेजारणीचं ताट आपल्या ताटासारखं नसतं. ‘आमच्यात असं असतं’ हे वाक्य या तीन दिवसांत जितक्या वेळा ऐकू येतं, तितकं वर्षभरात येत नसेल. या फिल्ममध्ये आपण त्याच वाक्याच्या मागं मागं जाणार आहोत.

आधी दिवसांचा हिशोब. गणपती तिथीनं येतो, गौरी नक्षत्रानं. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला गणपती बसतो. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणून हा पाहुणचार तीन दिवसांचा. तिथी आणि नक्षत्र दरवर्षी सारखीच जुळत नाहीत. त्यामुळे ज्या घरांतला गणपती गौरीबरोबर जातो, तिथं तो कधी पाच दिवस राहतो, कधी सहा, कधी सात. शेजारी दीड दिवसाचा, समोरच्यांकडे अनंत चतुर्दशीपर्यंतचा. मुलं विचारतात, त्यांचा गेला, आपला का नाही? घरचं उत्तर ठरलेलं असतं: आपल्याकडे पहिल्यापासून असाच.

(नदीचा घाट. पाण्यात वाकलेली एक मुलगी. ओंजळीत ओले खडे.)

कोकणस्थांच्या घरात गौर येते ती पाणवठ्यावरून, खड्यांच्या रूपात. नदी, विहीर, तळं, जे जवळ असेल ते. कुणाकडे पाच खडे, कुणाकडे सात. घरातली कुमारिका किंवा सवाष्ण ते वेचून ताम्हनात ठेवते आणि मुक्यानं घरी आणते. काही घरांत तिनं तोंडात पाण्याची चूळ धरायची असते, म्हणजे वाटेत कुणी हाक मारली तरी उत्तर देता येऊ नये. पुढं घंटा वाजत असते. दारात आल्यावर तिच्या पायावर दूध-पाणी घालतात. मग ती घरभर फिरते. स्वयंपाकघर, देवघर, कोठीची खोली, आता फ्लॅटमध्ये कपाटसुद्धा. नंतर गणपतीशेजारी पाटावर तांदळाची रास, आणि तिच्यावर ते खडे.

थाटमाट एवढाच, आणि मला तो पुरेपूर वाटतो.

(कट. हॉलच्या मध्यभागी लोखंडी स्टँड. दोघीजणी नऊवारीच्या निऱ्या घालताहेत.)

देशावर, मराठवाड्यात, विदर्भात दृश्य पार वेगळं. इथं त्या दोघी असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, माणसाएवढ्या उंच, भरजरी साडीत, दागिन्यांनी मढलेल्या. विदर्भ-मराठवाड्यात त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. बरोबर त्यांची बाळंही असतात, कुणाकडे त्यांना पिलवंडं म्हणायची पद्धत. मुखवटे शाडूचे, पितळेचे, कुठं चांदीचे, पिढ्यान्‌पिढ्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेले. वर्षातून एकदा ते खाली उतरतात, आणि नाकाजवळचा रंग जरा उडालाय का, हे बघायला सगळं घर जमतं.

साडी नेसवणं हे इथलं खरं कौशल्य आहे. जरा जवळून बघा. धातूच्या स्टँडला ना कंबर, ना खांदा. म्हणून आधी जुन्या सुती साडीची घडी घालून कंबर बांधायची. जुन्या घरांत स्टँड नसतो, कापडाच्या कोथळ्या असतात किंवा मडक्यांची उतरंड, आणि पोटात गहू-तांदूळ भरलेले. निऱ्या एकसारख्या पडल्या पाहिजेत, म्हणून एकजण वर पकडते, दुसरी खाली बसून एकेक निरी बोटानं ओढते. पदर खांद्यावर ठरत नाही, घसरतो, टाचण्या लागतात. मग दागिने. तोवर मुखवटा बाजूला असतो. तो मुहूर्तावरच चढायचा. चढतो, आणि इतका वेळ ‘जरा इकडं ओढ, तिकडं सैल कर’ असं ज्या स्टँडशी चाललं होतं, त्याच्यापुढं नेसवणाऱ्या दोघीही हात जोडून उभ्या राहतात.

मुखवटे घरात आणतानाचा संवाद तर छोटं नाटकच. दारातून तुळशीपासून मुखवटे घेऊन यायचं, थाळी वाजवायची, आणि आतून विचारायचं: गौरी आली, कशाच्या पावलानं आली? बाहेरून उत्तर: सोन्याच्या पावलानं, रूप्याच्या पावलानं. पुढची उत्तरं घराघरात बदलतात. शेतकऱ्याच्या घरी ती धनधान्याच्या, गाईगुरांच्या पावलानं येते. हल्ली मुलांच्या शिक्षणाच्या, आरोग्याच्या पावलानं आल्याचंही कानावर येतं. हा बदल कुण्या पोथीनं केलेला नाही. दारात उभ्या असलेल्या बाईनं, तिला जे हवं होतं ते त्या क्षणी बोलून टाकलं, इतकंच.

(कोल्हापूरकडचं गाव. पाणवठ्यावरून येणारी बायकांची रांग.)

कोल्हापूर भागात गौर रानातली. तेरड्याची रोपं, डहाळ्या पाणवठ्यावर पुजून वाजतगाजत घरी आणतात. आणि तिच्यामागोमाग दुसऱ्या दिवशी शंकरोबा येतो. बायको माहेरी आली म्हणून नवरा न्यायला आला, अशी ही सरळ घरगुती गोष्ट. रात्री झिम्मा, फुगड्या, गाणी. दिवसभर पुरण वाटून दमलेल्या बायका इतक्या रात्री नाचायला ताकद कुठून आणतात, असं विचारलं तर त्या म्हणतील, वर्षातून एकदा तर येते.

रायगड-रत्नागिरीकडेही तेरड्याची गौर आहे. तिथं नवीन लग्न झालेल्या सुनेचा पहिला ओवसा असतो. सुपांत हळदीची पानं, फळं, भाज्या, सुकामेवा भरून ती सुपं गौरीपुढं ओवाळायची, आणि मग घरच्या मोठ्या माणसांना द्यायची. माहेरची माणसं सुपांची तयारी घेऊन येतात. या एका दिवसासाठी मुंबईचे चाकरमानी जी धडपड करतात ती गणपतीच्या गाड्या बघितल्या की कळते. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी सगळा भार एसटीवर आणि घाटातल्या रस्त्यावर होता, आणि तरीही घरं भरतच होती.

आता स्वयंपाकघराकडं वळू. घरांची तऱ्हा इथं सगळ्यात ठळक दिसते.

(चुलीवर मोठं पातेलं. शेजारी परातीत चिरलेल्या भाज्या.)

आवाहनाच्या दिवशी बहुतेक घरांत साधंच असतं, भाजी-भाकरी. प्रवासातून आलेल्या लेकीला आधी हलकं खायला द्यावं तसं. दुसऱ्या दिवशी मात्र हात राखायचा नाही. विदर्भात सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी आणि ज्वारीची आंबील. आंबील नसेल तर महालक्ष्म्यांचं जेवण झालंच नाही, असं मानणारी घरं आहेत. सोळा भाज्या वेगवेगळ्या करायच्या की एकत्र, यावरही घराघराचं मत आहे. वर फुलोरा टांगलेला असतो. त्यात तळलेल्या करंज्या, पुऱ्या आणि कणकेचे दागिने, वेणी-फणीसुद्धा. काही घरांत हा प्रसाद उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. यायचं, पाटावर बसायचं, पोटभर जेवायचं, पण डबा मागायचा नाही. कोकणस्थांकडे घावन-घाटलं. ते तांदळाच्या पिठाचं, हलकं, खड्यांच्या गौरीला शोभेल असं.

आणि कोकणातल्या अनेक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मटण, कोंबडी, कुठं मासे. हे ऐकून घाटावरचे लोक चमकतात. पण कोकणातल्या त्या घराची समजूत अगदी स्वच्छ आहे. लेक माहेरी आली आहे. तिला जे आवडतं, जे आपण स्वतः आवडीनं खातो, तेच तिला करून घालायचं. शेजारी गणपती शाकाहारी, म्हणून मध्ये पडदा ओढतात. नैवेद्य झाला की पडदा बाजूला. त्याच मखरात दोघांची सोय, दोघांचा मान. एकाच छपराखाली दोन तऱ्हेची ताटं कशी वाढायची, हे त्या पडद्याला नीट माहीत आहे. जी मंडळी याला ‘बरोबर नाही’ म्हणतात, त्यांनी एकदा तरी त्या पंगतीला बसावं, असं मला मनापासून वाटतं.

नात्याचंही तसंच. कुणाकडे गौर गणपतीची आई, कुणाकडे बहीण. एकाच गावात दोन्ही सापडतील, आणि त्यावरून भांडण झालेलं ऐकिवात नाही.

(जुनी, कडा फाटलेली कहाणीची पोथी. वाचणारीचा आवाज मागं ऐकू येतो.)

ज्येष्ठागौरीची कहाणी पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. आटपाट नगर होतं. तिथं एक गरीब ब्राह्मण होता. घरोघरी बायका गौरी आणताहेत, घंटा वाजताहेत, ते त्याच्या मुलांनी बघितलं आणि घरी येऊन हट्ट धरला, आपल्याकडेही गौर आणा. घरात काहीच नाही. बाप बाजारात जाणार तरी कशाच्या जोरावर? तो जीव द्यायला तळ्याच्या काठी गेला. तिथं एक म्हातारी भेटली. त्यानं तिला घरी आणलं, आणि घर भरत गेलं. निघताना तिनं सांगितलं, ही वाळू घरभर टाक, हांड्या-मडक्यांवर टाक, गोठ्यात टाक. आणि भाद्रपदात तळ्याच्या पाळीवरून दोन खडे आणून पूज.

दुसऱ्याच्या घरचा सण बघून आपल्या घरी रडू येतं, तिथून ही कहाणी सुरू होते. आणि देवी मागते काय, तर दोन खडे. पाच हजारांची साडी नेसलेल्या गौरींपुढं बसूनही हीच कहाणी वाचतात. हजारो घरांच्या हजार तऱ्हा एकाच सणात नांदू शकल्या, त्याचं कारण मला तरी या कहाणीत दिसतं. कमीत कमी किती लागतं, ते तिनं ठरवून ठेवलंय. वर किती करायचं, ते ज्याचं त्यानं.

(स्वयंपाकघर. सासू सुनेला काहीतरी दाखवते आहे.)

हे सगळं चालतं कुणाच्या आठवणीवर? पूजा सांगायला गुरुजी येतात, पण गौर डावीकडे की उजवीकडे, गौरीपुढं पुजलेला सुताचा दोरा कुणी घ्यायचा, कुठली भाजी आपल्याकडे चालत नाही, हे गुरुजींना ठाऊक नसतं. ते घरातल्या बाईलाच ठाऊक. गंमत अशी की तीही या घरात बाहेरूनच आलेली. तिनं आपल्या माहेरची रीत उंबऱ्यावर ठेवली आणि सासूची शिकली. आता ती सुनेला शिकवते. घरची परंपरा म्हणून जिचा एवढा अभिमान, ती परक्या घरून आलेल्या बायकांनी हातोहात पुढं नेली आहे.

आणि यातल्याच एखादीचा नवरा गेला, की काही घरं तिला पूजेच्या खोलीबाहेर उभं करतात. चाळीस वर्षं जिनं निऱ्या घातल्या, तिनं आता लांबून सांगायचं. रीत म्हणून सगळं जपावं असं म्हणणाऱ्यांतला मी आहे, पण हे नाही. काही घरांनी हे सोडलं आहे. सासूबाईच पुढं होऊन मुखवटा चढवतात, हळदीकुंकूही घेतात. त्या घरांतल्या गौरी काही रुसून गेल्या नाहीत.

भाऊ वेगळे झाले की आणखी एक प्रश्न येतो. मुखवटे एकच, घरं तीन. पुष्कळ कुटुंबांत गौर फक्त थोरल्याच्या घरी बसते आणि बाकीचे तिथं जमतात. काहींनी पाळी लावली आहे. यंदा पुणे, पुढच्या वर्षी नागपूर, त्यानंतर गावचं घर. मग पितळी मुखवटे गाडीच्या डिकीत, दुलईत गुंडाळून प्रवास करतात. धाकटी जाऊ फोनवर विचारते, आंबील किती वेळ ढवळायची? थोरली म्हणते, थांब, व्हिडिओ कॉल कर.

शहरात आता शिवून तयार साड्या मिळतात, फायबरचे मुखवटे मिळतात, स्टँड घडी होऊन कपाटात बसतो. सोळा भाज्यांचा निवडून चिरलेला संच विकत मिळतो. जिला ज्येष्ठेच्या दिवशी दुपारी ऑफिसातून धावत घरी यायचं आहे, तिनं तो जरूर घ्यावा.

या वर्षी एक काम मात्र करता येईल. तिसऱ्या दिवशी, मूळ नक्षत्रावर, गौरी निघायच्या आधी, घरातली जी सगळ्यात मोठी बाई असेल तिच्याजवळ बसा. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा. खडे किती, दोऱ्याला गाठी किती, पडदा कधी ओढायचा, पिलवंडांना काय नेसवायचं, हे एकेक विचारा. मध्येच ती म्हणेल, हे काय विचारायचं, सगळ्यांकडे असंच असतं. तेव्हा तिला शेजारच्यांकडे कसं असतं ते सांगा. मग ती सविस्तर बोलायला लागेल.