गोरेवाड्याचं पाणी, काठ आणि पाळ

मंडळी, गोरेवाडा म्हटलं की आज आधी सफारी आठवते. पण हा तलाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला गेला तो नागपूरला पाणी देण्यासाठी. आता शहराची मुख्य भिस्त पेंच नदीवर आहे. तोतलाडोह धरणाचं पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात अडवलं जातं, उजव्या कालव्यानं महादुल्याला येतं आणि तिथून पंपानं गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात चढतं. एवढ्या लांबच्या साखळीत एक कडी बंद पडली तर शहराच्या उशाशी असलेलं पाणी किती मोलाचं, ते सांगायला नको.

त्या पाण्याचा हिशेब करू. एक हेक्टर पसाऱ्यावर पातळी 1 सेंटिमीटर उतरली, की 100 घनमीटर, म्हणजे 1 लाख लिटर पाणी गेलं. माणशी रोज 135 लिटर धरले, तर साधारण 740 माणसांचं एका दिवसाचं पाणी. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन आणि वारा मिळून एवढी पातळी एका दिवसात सहज घटवतात.

ऊन आणखी एक त्रास देतं, तो शेवाळाचा. साबण, निर्माल्य, माशांना टाकलेलं पीठ, गुरांचं शेण यांतून नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतं, उन्हाळ्यात शेवाळ फोफावतं. ते दिवसा पाण्यातला कर्बवायू ओढून घेतं, त्यामुळे सामू (pH) 8.5च्या वर जातो. पाण्यातला गाळ खाली बसवणारी तुरटी मात्र 6 ते 7.5 सामूच्या आसपास उत्तम काम करते, म्हणून डोस वाढवावा लागतो. तरीही सुटलेलं शेवाळ वाळूच्या फिल्टरवर थर धरतं. एरवी दिवसभर चालणारा फिल्टर काही तासांत चोक होतो, बॅकवॉश करावा लागतो, म्हणजे उलट्या दिशेनं पाणी सोडून तो धुवावा लागतो, आणि त्यात शुद्ध केलेलंच पाणी खर्ची पडतं. क्लोरीननं शेवाळ मरतं खरं, पण त्यातून मातकट वास सुटतो. नळाला असा वास आला की लोक पाइप फुटल्याची तक्रार करतात. उगम कित्येकदा तलावातच असतो.

म्हणून काठावर आंघोळ, कपडे, विसर्जन नको. भोवतीचं जंगलही शोभेचं नाही. पहिल्या मोठ्या पावसाची माती ते अडवतं, नाहीतर ती थेट तलावात येऊन साठवण खाते. फिरायला जरूर या. हिवाळ्यात पहाटे वारकरी, पाणकावळे, चक्रवाक हे पक्षी बघा. फक्त आखलेली वाट सोडू नका. पाणी ओसरल्यावरचा काठ वरून वाळलेला दिसतो, पण खाली चिखल असतो, पाय रुततो.

फिरायला येणारे नेहमी विचारतात, तलावाच्या पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधावर, सावलीची झाडं का नाहीत? मातीच्या पाळीत मोठं झाड वाढलं की मुळं आतवर जातात. झाड मेलं की मुळं कुजतात, पोकळी राहते, पाणी तीच वाट धरतं आणि वाहताना माती सोबत नेतं. वादळात झाड उन्मळलं तर पाळीचा लचकाच निघतो. म्हणून पाळीवर गवत ठेवतात आणि पाण्याकडच्या उतारावर दगडांची पिचिंग करतात, म्हणजे दगड एकमेकांना लागून रचतात. त्यातला दगड बसायला म्हणूनसुद्धा उचलू नका. लाटा नेमक्या तिथूनच माती उकरायला लागतात.