ऑनलाइन करू की प्रत्यक्ष येऊ?

नमस्कार मंडळी, मागे ऐकू येतंय ना सगळ्यांना? बरं. पालकांच्या ट्रेनिंगचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम ऑनलाइन करू की प्रत्यक्ष येऊ? आणि त्याच्या पोटात दुसरा एक असतो, की एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही तो त्रास, तर पोराला आहे, मग ट्रेनिंग आम्हाला कशाला? तो आधी उरकते. तुमचं काही चुकलंय म्हणून नाही. पोराचं बिनसतं ते सकाळी शाळेच्या गडबडीत, संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी, आणि तेव्हा तिथं तुम्ही असता, मी नसते. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या गाइडलाइनमध्ये ४ वर्षांपासून ६ वर्षं पूर्ण होईपर्यंतच्या मुलांसाठी गोळ्यांच्या आधी पालकांचं ट्रेनिंग सांगितलंय, आणि इंग्लंडच्या नाइस या संस्थेनंही २०१८ मध्ये ५ वर्षांखालच्या मुलांसाठी तेच सांगितलं, तेही ग्रुपमधलं. मोठ्या मुलांना औषध लागू शकतं, त्याला घाबरू नका, पण ते आज नको.

आता या ट्रेनिंगमध्ये शिकवतात काय? ऐकायला अगदीच साधं आहे. आपण पोराला कसं सांगतो बघा, स्वयंपाकघरातून ओरडून, "अरे किती वेळा सांगितलं, डबा काढ, हातपाय धू आणि अभ्यासाला बस!" एका दमात तीन कामं, आणि पोरगं तिसऱ्या खोलीत. त्याऐवजी जवळ जायचं, नाव घ्यायचं, एकच काम सांगायचं, "डबा सिंकमध्ये ठेव," आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प बसायचं. ठेवला की नुसतं शाब्बास नाही, "पहिल्यांदा सांगितल्यावर लगेच ठेवलास, आवडलं मला" असं म्हणायचं. बस. वहीत लिहून घ्यायला दोन मिनिटं लागतात, पण ते पाच आकडे गप्प बसणं कुणालाच जमत नाही, मध्येच तोंडातून "ठेव ना रे!" निघतंच. म्हणजे इथे माहिती कमी आणि सराव जास्त, आणि सरावात कुणीतरी बघणारं लागतं.

अमेरिकेत शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात यासाठी पीसीआयटी (पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी) नावाची पद्धत बसवली, त्यात आई मुलाबरोबर खेळतेय, थेरपिस्ट एकतर्फी काचेच्या पलीकडे, आणि आईच्या कानात छोटं यंत्र, त्यातून तिला तिथल्या तिथे सांगतात की आता बोलू नका, आता कौतुक करा. पुढे मायामीच्या जोनाथन कोमर यांच्या टीमने हेच व्हिडिओ कॉलवर केलं, ३ ते ५ वर्षांची ४० मुलं, हट्ट, आदळआपट अशा तक्रारींची, अर्धी क्लिनिकमध्ये आणि अर्धी आपापल्या घरी वेबकॅमसमोर. २०१७ ला निकाल छापला, ऑनलाइनवाले कुठेच मागे नव्हते. खास एडीएचडीची लक्षणं असलेल्या लहान मुलांवर पेनसिल्व्हेनियात जॉर्ज ड्यूपॉल यांनी २०१८ मध्ये असाच अभ्यास छापला, त्यातही समोरासमोर शिकलेले आणि ऑनलाइन शिकलेले, दोन्हीकडच्या पालकांना फायदा दिसला. अभ्यास छोटे आहेत, पण ऑनलाइन म्हणजे दुय्यम, हे डोक्यातून काढा.

माझा अनुभव विचाराल तर कॅमेऱ्यातून मला जे दिसतं ते क्लिनिकमध्ये कधीच दिसलं नसतं. एक आई, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, पोरगा जेवणाच्या टेबलावर गणितं करतोय आणि बाजूच्या खोलीत फुल आवाजात सिरीयल चालू! तेवढ्यात आजी आली, म्हणाली "राहू दे गं, याचा बापही असाच होता," आणि त्याच्या हातात लाडू. आता ही आजी क्लिनिकमध्ये आली असती का? तर नाही. त्या दिवशी ट्रेनिंग आजीचंच झालं, आणि छान झालं. तालुक्याच्या गावातून एसटीनं येणाऱ्या आईचा अख्खा दिवस, रजा, दुसऱ्या पोराला कुठं ठेवायचं हे सगळं वाचतं ते वेगळंच, आणि बाहेरगावी नोकरीला असलेले बाबाही जोडले जातात.

पण आजी म्हणाली ना, बापही असाच होता, ते गमतीवारी नेऊ नका. एडीएचडी घराण्यात चालतो. तुमच्यापैकी काहींना स्वतःलाही असेल, कधी तपासलेला नसेल. इंग्लंडमध्ये एडमंड सोनुगा-बार्क यांच्या टीमने २००२ मध्येच दाखवलं होतं की आईलाच एडीएचडीची लक्षणं जास्त असतील तर ट्रेनिंगचा मुलाला फायदा कमी होतो. मग अशा आईबाबांच्या हातात तुम्ही लिंक, पासवर्ड आणि "वेळ मिळेल तेव्हा बघा" दिलंत तर काय होणार? लिंक हरवणार, सेशन चालू असताना खालून व्हॉट्सॲप चालू राहणार, सहाव्या व्हिडिओनंतर कोर्स तसाच पडून राहणार. यांना मी प्रत्यक्षच बोलावते, ठरलेला वार, ठरलेली खुर्ची, आदल्या दिवशी फोन. आणि शक्यतो ग्रुपमध्ये, कारण नातेवाईकांकडून "वळण लावलं नाही" हे ऐकून ऐकून पिचलेली आई ग्रुपमध्ये दुसरीला म्हणते "तुमचापण बूट एकच घालून येतो?" आणि दोघी हसत सुटतात, झूमवर म्यूट करून बसलेल्या पंचवीस चौकोनांत हे होत नाही हो, मी करून बघितलंय.

त्यामुळे जमत असेल तर सुरुवातीचे दोन-तीन सेशन ग्रुपमध्ये, समोरासमोर, आणि पुढचा सराव घरून कॅमेऱ्यावर, तोही अभ्यासाच्या किंवा झोपायच्या वेळी, जेव्हा खरी ओढाताण असते तेव्हा. हे जमणार नसेल तर जे पूर्ण होईल ते घ्या. फक्त पैसे भरायच्या आधी एक विचारा, मी माझ्या मुलाबरोबर असताना मला कोणी बघणार आहे का, चुकलं तर सांगणार आहे का? सगळं रेकॉर्डेड आहे म्हणाले तर पुस्तकाची किंमत असते तेवढीच द्या.